सीमाभागातल्या मुलांची पुस्तकं मराठी-कन्नड अशी द्विभाषिक काढावीत का?

सीमेवरचा वाचक: कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी... हिवाळ्यात आपल्या बेळगावकडं गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडीत लेझीम खेळायला शाळेचीच पोरं लागतात, पण पुस्तकांच्या स्टॉलवर त्यांच्यासाठी काय असतं? अकबर-बिरबल, थोर पुरुषांची पातळ चरित्रं आणि निबंधांची पुस्तकं. आठवी-नववीच्या पोरानं हात लावावा असं जवळपास काही नाही. माझं म्हणणं असं, की इथल्या लेखकांनी इथल्या मुलांसाठी लिहावं आणि डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड असं पुस्तक काढावं. मराठी शाळेतल्या मुलाला कन्नड शिकावंच लागतं, इंग्रजी शाळेतल्याचं मराठी घरात बोलण्यापुरतं उरलंय. शिवाय कन्नड घरांतही खपेल. निव्वळ मराठीच्या हजार प्रती इथं संपवून दाखवा.

वडगावकर: खपत नाही म्हणून अर्धी पानं देऊन टाकायची? कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड सक्तीचं झालंच आहे. घरी आल्यावर तरी पोराला नुसती मराठी गोष्ट मिळू दे. तिकडं महाराष्ट्रात मुलांचं 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, जुने अंकही नेटवर फुकट आहेत. ते आधी इथल्या शाळांत पोचवा, मग नवीन काढा.

खानापूरच्या बाई: वडगावकर दादा, 'किशोर' मी वर्गात वाचून दाखवते, मुलांना आवडतोही. पण त्यात आमचं गाव कुठं असतं? आमच्या तिसरीच्या वर्गात मी 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवरच्या गोष्टी वापरते. तिथं एकच चित्रगोष्ट मराठीतही मिळते, कन्नडमध्येही. मुक्त परवाना असल्यानं छापून घ्यायलाही हरकत नसते. मुलं आधी मराठी वाचतात. पुढं काय होणार हे ठाऊक असलं की कन्नड अक्षरांना घाबरत नाहीत. चित्रावर बोट ठेवून 'बाई, हे माकडच लिहिलंय की!' म्हणून ओरडतात. मात्र हे पानाला दोन ओळी असतात तोवरच. सातवीच्या पुढं याचा उपयोग नाही.

शहापूरचा छापखानेवाला: सगळे भाषेवर भांडालेत, कागदाचं कोण बघणार? छपाईत सोळा पानांचा एक फॉर्मा, म्हणजे एकत्र छापायचा गठ्ठा. बत्तीस पानांच्या रंगीत पुस्तकात दोन भाषा घातल्या की चित्र तरी लहान करा, नाहीतर गोष्ट. पाने वाढवली तर किंमत वाढली, आणि लहान मुलांच्या पुस्तकाला शंभराची नोट मोडायला आईबाप तयार नसतात. कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खालची अक्षरं, ओळीखाली लोंबतात, म्हणून ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं. मराठीच्या मापानं पान लावलंत तर सगळं एकमेकांत घुसतं. त्यात कुणी नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली जुनी फाइल पाठवली, की युनिकोडमध्ये घेताना अर्धी जोडाक्षरं तुटतात, आणि ते मराठी प्रूफवाचकाला कळतही नाही! आमच्याकडं अशी एक पुस्तिका शेवटी परत छापावी लागली.

दहावी ब: मी मराठी मीडियमचा. एकच गोष्ट दोनदा कोण वाचणार? कादंबरी १२० पानांची असेल तर ती २४० ची करणार काय तुम्ही? मला कन्नड येतं, क्रिकेटची कन्नड कॉमेंट्री ऐकतो. कन्नड पुस्तक वाचायचं झालं तर कन्नडच वाचीन. मोठी माणसं आमच्यासाठी लिहितात तेव्हा पोरगा शेवटी आईबापाचं ऐकतो आणि पहिला नंबर काढतो. निपाणीच्या बसमध्ये तिकीट कन्नडमध्ये मागणारा, मित्राशी मराठीत भांडणारा आणि गणितात नापास झालेला पोरगा कुणी लिहिलाय का?

वडगावकर: बाळा, तू म्हणतोस तसा पोरगा मराठीतच लिहिला पाहिजे. मी तेच म्हणतोय.

दहावी ब: काका, तो मध्येच कन्नड बोलणार. ते तुम्ही खोडणार नसाल तर चालेल.

सीमेवरचा वाचक: ठीक. द्विभाषिक फक्त चौथीपर्यंत ठेवू, त्यावर मी ठाम आहे. वरच्या वयाला सरळ मराठी कादंबरी, हवं तिथं कन्नड संवाद देवनागरीत. खर्चाचं बोलायचं तर संमेलनात पाहुण्यांच्या शाली-श्रीफळावर जातं त्यातून पहिल्या पुस्तकाचा कागद तरी येईल. बाई, तुमच्या वर्गातल्या मुलांना पहिला मसुदा वाचून दाखवाल काय?

खानापूरच्या बाई: दाखवीन की. जांभई आली तिथं खूण करून परत पाठवीन, लेखकानं राग धरायचा नाही.

शहापूरचा छापखानेवाला: आणि कन्नड प्रूफ कोण बघणार, त्याचं नाव ठरल्याशिवाय मी फाइल घेणार नाही.

वडगावकर: शालींना हात लावून बघा, पुढच्या वर्षी मांडवच उभा राहायचा नाही.