फोटो कुणाला द्यावा लागत नाही गं
अगं, डीपफेकच्या, म्हणजे एआयने बनवलेल्या खोट्या अश्लील फोटोंच्या बातमीवर तू म्हणालीस ना की तक्रार करायला तोच फोटो परत कुणाला तरी पाठवावा लागतो, तर तसं नाहीये, असे खासगी फोटो परवानगीशिवाय पसरू नयेत म्हणून स्टॉपएनसीआयआय नावाची मोफत सोय २०२१ पासून आहे, त्यात फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, फक्त त्याचा हॅश म्हणजे डिजिटल ठसा बनतो आणि तोच फेसबुक, इन्स्टा, टिकटॉकवाल्यांकडे जातो, म्हणजे ते ठसा जुळणारा फोटो शोधून काढू शकतात. एआयने बनवलेला फोटोपण चालतो. १८ च्या आतल्या मुलामुलींसाठी टेक इट डाउन नावाची तशीच वेगळी सोय आहे. फोटो क्रॉप केला की ठसा जुळेलच असं नाही, म्हणून दिसतील तेवढ्या सगळ्या कॉप्यांचे ठसे बनवायचे. आणि लिंक, अकाउंटचं नाव, तारीख आधी लिहून ठेवा गं, पोरी घाबरून सगळं डिलीट करतात आणि मग पुरावाच उरत नाही, फार वाईट वाटतं.