समसंबंधाचे प्रश्न तर्क तपासतात की शब्दसाठा?

धागाकर्ता (फोंडा):
आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेत मानसिक क्षमता चाचणीचा स्वतंत्र पेपर असतो आणि त्यात समसंबंधाचे, म्हणजे एका जोडीतला संबंध ओळखून तसाच दुसऱ्या जोडीत शोधण्याचे, प्रश्न येतात. हे निव्वळ पाठांतर आहे, असे अनेक पालक म्हणतात. मला ते पटत नाही. ‘सुतार : करवत :: शिंपी : ?’ हा प्रश्न घ्या. पर्याय आहेत कापड, सुई, कात्री आणि शिवणयंत्र. ‘सुतार करवत वापरतो’ एवढेच वाक्य मनात धरले, तर कापडसुद्धा बाद होत नाही. ‘सुतार करवतीने कापतो’ असे म्हटले की कात्रीच उरते. पहिल्या जोडीतला संबंध वाक्यात मांडायचा, क्रम न उलटता तो दुसऱ्या जोडीला लावायचा आणि एकाहून अधिक पर्याय बसले तर वाक्य आणखी नेमके करायचे, ही शिस्त घोकून येत नाही.

प्रतिसाद (म्हापसा):
शिस्त मान्य, पण शब्दच ओळखीचा नसेल तर ती लावायची कशाला? अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाच्या सॅट परीक्षेत ‘धावपटू : मॅरेथॉन’ या जोडीचे उत्तर ‘वल्हेकरी : रेगाटा (नौकाशर्यत)’ होते आणि नौकाशर्यती ज्यांनी कधी पाहिल्याच नाहीत, त्यांच्यावर हा अन्याय असल्याची टीका झाली. सॅटमधून २००५ मध्ये आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरईमधून २०११ मध्ये हा प्रश्नप्रकार वगळण्यात आला. आपल्याकडे गोव्यात ‘खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन) : मानस (त्या बांधातील पाणी अडवणारी-सोडणारी दारांची रचना)’ ही जोडी देऊन ‘धरण : ?’ असे विचारले, तर भरतीच्या वेळी मिटणारी मानशीची दारे पाहिलेला दिवाडीचा मुलगा ‘दरवाजा’ चटकन लिहील. साळावली धरणाशेजारी वाढलेला सांग्याचा मुलगा, तितकाच हुशार असूनही, अडखळेल.

प्रतिसाद (डिचोली):
मग शब्दांऐवजी अंकांचे आणि आकृत्यांचे समसंबंध द्यावेत. तेही त्याच पेपरात असतात.

धागाकर्ता:
अंकांत संदिग्धता कमी असते हे खरे, परंतु भाषेतील संबंध ओळखणे ही वेगळीच क्षमता आहे. रेगाटाचा दोष प्रश्नकर्त्याचा होता. सातवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांतील शब्दच वापरावेत, असे बंधन घातले की तो दूर होतो.

प्रतिसाद (म्हापसा):
तुमच्या सुताराच्या प्रश्नात एकही अवघड शब्द नाही. तरीही ‘सुतार करवत चालवतो’ असे वाक्य करून ‘शिवणयंत्र’ निवडणाऱ्या मुलाचा तर्क नेमका कुठे चुकला, हे उत्तरतालिका सांगत नाही. ती फक्त गुण कापते.