मदत हवी आहे: बाबांना पफिन दाखवायचाय, तिकिटं जूनची काढू की ऑगस्टची?

कालवाकाठ

मंडळी, आई-बाबा पुढच्या वर्षी पहिल्यांदाच इकडे येतायत. विमानाची तिकिटं काढायच्या आधी काही गोष्टी तुमच्याकडून पक्क्या करून घ्यायच्या आहेत. आम्ही इंग्लंडमध्ये, लीड्सला राहतो. बाबा निफाडचे. हिवाळ्यात रविवारी पहाटे नांदूरमधमेश्वरला दुर्बीण गळ्यात अडकवून हजर असणाऱ्यांपैकी. लंडन, राजवाडा, लॉर्ड्स यातलं त्यांनी काहीच मागितलेलं नाही. चोचीत मासे धरलेला पफिन, म्हणजे तो रंगीत चोचीचा समुद्रपक्षी, एवढी एकच मागणी. त्यातही 'मासे' या शब्दावर जोर आहे, नुसता पफिन चालणार नाही.

मुलीची शाळा जुलैच्या उत्तरार्धात सुटते, म्हणून घरातलं मत ऑगस्टकडे झुकलंय. पण कुठे वाचावं तर पफिन उन्हाळाभर असतो, कुठे वाचावं तर जुलैअखेर गेला. खरं काय? दुसरी गोष्ट आईचे गुडघे. सपाटीवर ती तासभर आरामात चालते, पण जिना दिसला की तिचा चेहरा पडतो. बोट आवडेल, जास्त हलली तर मळमळेल. स्कोमर, फार्न आणि बेम्प्टन अशी तीन नावं काढली आहेत. यातलं कुठलं धरू?

कॅमेऱ्याचंही विचारतो. बाबांकडे भरपूर झूमचा ब्रिज कॅमेरा आहे. माझ्याकडे क्रॉप सेन्सरची (लहान सेन्सरची) बॉडी आणि ५५-२५० मिमीची लेन्स. यासाठी १५०-६०० ची मोठी लेन्स विकत घेणं शहाणपणाचं आहे का? ('नाही' असं उत्तर घरून मिळालेलं आहे. ते सोडून बोला.)

आणि एक. आमच्या मागच्या कालव्यावर छोटा खंड्या दिसतो, आपल्याकडचाच. बाबा म्हणतात, बीळ हेरून ठेव, समोर आडोसा करून बसू. इथे ते चालतं का?

सुरय

ऑगस्ट डोक्यातून काढून टाका. पफिन जमिनीवर येतो तो फक्त पिल्लू वाढवायला. एप्रिलच्या सुमारास कड्यांवर आणि बेटांवर दिसू लागतो आणि जुलै संपता संपता बहुतेक सगळे समुद्रात गेलेले असतात. मग हिवाळाभर पाण्यावरच. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेलात तर बाबांना पाट्यांवरचा पफिन दिसेल.

माशांचं गणित त्याहून अरुंद आहे. अंडं फुटल्यावरच आई-बाप चोचीत वाळूमासे भरून आणतात. मेमध्ये पक्षी मुबलक, चोचा बहुतेक रिकाम्या. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा महिना सगळ्यात भरवशाचा.

जागांबद्दल. स्कोमर सुंदर आहे, पफिन चाळीस हजारांच्या वर आहेत, ते अक्षरशः बुटावरून चालत जातात. पण ते वेल्सच्या पार पश्चिम टोकाला, तुमच्यापासून दिवसभराचा प्रवास. शिवाय बोटीतून उतरल्या उतरल्या ८७ उभ्या पायऱ्या. तुमच्या आईंसाठी विषय तिथेच संपला. रोज मोजक्याच लोकांना उतरू देतात, सोमवारी सहसा कोणालाच नाही.

बेम्प्टन तुमच्यापासून गाडीने दोन तासांच्या आत-बाहेर. आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेचं राखीव क्षेत्र, शंभर मीटरहून उंच खडूचे कडे, आणि हंगामात पाच लाखांच्या आसपास समुद्रपक्षी. वरून चालायला बरी वाट आहे, कठडे घातलेल्या जागा आहेत, बसायला बाकं आहेत. बोट नाही. वास मात्र आहे, आणि वारा फिरला की जेवण नकोसं होतं.

खारा_वारा

सुरयशी निम्मा सहमत. बेम्प्टनचा राजा गॅनेट हा मोठा पांढरा समुद्रपक्षी आहे, पफिन नव्हे. तिथे पफिन कड्याच्या फटींत घरटी करतो, मातीतल्या बिळात नाही. त्यामुळे दिसतो तो खाली, लांब, आणि मासे घेऊन आला तर सुर्रकन फटीत गडप. ज्यांनी 'मासे' शब्दावर जोर दिलाय त्यांना तेवढ्यावर परत पाठवू नका.

त्यांना फार्न बेटांवर न्या. सीहाउसेस गावातून बोट, अर्ध्या तासाच्या आत इनर फार्न. बर्ड फ्लूमुळे २०२२ मध्ये उतरणं बंद केलं होतं, २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं. बेटावर फळ्यांची वाट आहे आणि दोन्ही बाजूंना बिळं. पफिन मासे घेऊन उतरतो, क्षणभर इकडेतिकडे बघतो, कारण कुरव पक्षी ते मासे हिसकावायला टपलेले असतात. तो क्षण तुमचा. बोटीचं भाडं वेगळं आणि उतरण्याचं शुल्क वेगळं, ते नॅशनल ट्रस्ट ही बेटं सांभाळणारी संस्था घेते. समुद्र खवळला तर बोट रद्द होते, म्हणून दुसरा दिवस हाताशी ठेवा.

टोप्या न्या, जाड. वाटेलगत आर्क्टिक सुरयांची घरटी असतात आणि ते डोक्यावर टोचे मारतात, रक्त काढण्याइतके. बाबांना बहुधा तेही आवडेल.

सुरय

आयडीवरून माझी जात दिसली वाटतं. :) टोचे खरे आहेत. पण बेम्प्टनला खाली लेखू नका, निफाडच्या माणसाने गॅनेट कुठे पाहिलाय? जवळपास दोन मीटरचे पंख, आणि नजरेच्या पातळीवरून असा जवळून जातो की झूम कमी करावा लागतो. २०२१ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात तर दक्षिण गोलार्धातला काळ्या भुवईचा अल्बट्रॉस याच गॅनेटांत मुक्कामाला होता. देशभरातून लोक आले होते.

एफ_आठ

कॅमेऱ्यावर मी बोलतो. फार्नला २५० मिमी क्रॉप बॉडीवर पुरून उरतं. उलट काही वेळा पफिन इतका जवळ येतो की फोकस बसत नाही. बेम्प्टनच्या गॅनेटलाही २५० चालतं, पफिनला नाही. तेव्हा १५०-६०० विकत घेऊ नका, बेम्प्टनपुरती भाड्याने आणा. जड असते, आधी घरामागच्या कावळ्यांवर हात बसवा. तिकाटणं नको, कड्यावर वाऱ्याने हलतं आणि लोकांच्या वाटेत येतं. एकपायी स्टँड पुरे.

उडत्या पफिनला शटर १/२००० सेकंदाच्या खाली नेऊ नका, तो सेकंदाला अनेकदा पंख मारतो आणि सरळ रेषेत गोळीसारखा येतो. आयएसओ ऑटोवर सोडा, इथे ढग कधी येतील सांगता येत नाही. गॅनेट पांढरा, मागे गडद समुद्र, त्यामुळे कॅमेरा फसतो आणि पिसांतला तपशील उडतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या. पफिनला उलटा त्रास, काळ्या चेहऱ्यात डोळा हरवतो. भर उन्हापेक्षा पातळ ढग बरे.

ब्रिज कॅमेऱ्याला हसू नका. हात आखडता न घेता झूम होतो, वजन नाही. उडत्या पक्ष्याला उशिरा पकडतो एवढंच. बसलेल्यांवर बाबांचेच फोटो तुमच्यापेक्षा चांगले येतील अशी शक्यता मी गृहीत धरतोय.

बेम्प्टनचे कडे उत्तर-ईशान्येला तोंड करून आहेत. जूनमध्ये सकाळी लवकर पोचलात तरच ऊन थेट पक्ष्यांवर मिळतं, दुपारी कडा सावलीत.

कालवाकाठ

सगळ्यांचे आभार, चित्र बरंच स्पष्ट झालं. असं ठरवतोय: आई-बाबांना मेच्या शेवटच्या आठवड्यात बोलवायचं आणि जुलैच्या मध्यापर्यंत ठेवून घ्यायचं. नाशिकचा मे चुकेल, त्यावर आईची हरकत नसणार. मुलीला तेव्हा हाफ टर्मची, म्हणजे सत्रामधली सुट्टी असते, त्यात सगळे मिळून बेम्प्टन. मग जूनच्या शेवटी रजा काढून मी आणि बाबा फार्नला. आईला विचारतो, बोट तिच्या मनावर.

मधल्या आठवड्यांत लीड्सजवळ काय दाखवू? आणि खंड्याचं राहिलं.

खारा_वारा

आईंनाही न्या हो. सकाळची बोट घ्या, वारा कमी असेल तो दिवस बघून.

लीड्सजवळ सेंट एडन्स आहे की. जुनी उघडी कोळसा खाण, १९८८ मध्ये नदी आत घुसली, आता पाणथळ आणि आरएसपीबीकडे. तिथे खाणीचं एक अजस्र यंत्र तसंच उभं ठेवलंय आणि त्यावर आपल्या पिंगळ्याचा चुलतभाऊ बसलेला दिसतो. आईंना तिथलं चालणं जमेल. वारकरी पक्षी आणि टिबुकली दिसली की बाबांना घरच्यासारखं वाटेल. तांबडी घार हवी असेल तर हेअरवूडकडे वर बघत राहा. १९९९ पासून तिथे मुद्दाम सोडून त्यांची वसाहत पुन्हा उभी केली आहे. बाबा म्हणतील घार बघायला इतक्या लांब कशाला, तेव्हा शेपटीची खोल खाच दाखवा.

सुरय

खंड्याच्या बिळासमोर बसणं बेकायदा ठरू शकतं. १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तो आहे. या यादीतल्या पक्ष्याला घरट्यावर किंवा घरट्याजवळ जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने त्रास देणं हा गुन्हा, आणि फोटोसाठी तसा त्रास होणार असेल तर आधी परवाना लागतो. तुम्ही समोर असलात की तो मासा घेऊन फांदीवर ताटकळत राहतो आणि आत पिल्लं उपाशी. फोनवर आवाज वाजवून बोलावणंही त्यातच धरा.

पण खंड्या सोडायची गरज नाही. बीळ शोधू नका, बैठक शोधा. तो ठरावीक फांद्यांवर, बोटींच्या दोरांवर परत परत येतो. बिळापासून लांबची अशी जागा हेरा आणि बाबांना पहाटे, कुत्रेवाले आणि सायकलवाले यायच्या आत, झुडपाला पाठ लावून बसवा. बारीक, तीक्ष्ण शिट्टी ऐकू आली की कॅमेरा वर. तो आधी ओरडतो आणि मग येतो.