मदत हवी आहे: व्हीलॅन ४० मधून भिवंडी मिळत नाही, बाकी सगळं चालू

अंधेरी_आयटी
नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. ऑफिस अंधेरी एमआयडीसीत, गोदाम भिवंडीला, मध्ये लीज लाइन (दोन जागांमधली भाड्याची स्वतंत्र लाइन). अकाउंट्सची मंडळी नवीन मजल्यावर बसायला गेली म्हणून त्यांचा व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं नेटवर्क) ४० वेगळा काढला. त्यांना इंटरनेट मिळतं, अंधेरीतले प्रिंटर मिळतात, पण भिवंडीचा स्टॉक सर्व्हर मिळत नाही. बाकीच्या व्हीलॅनमधून तोच सर्व्हर व्यवस्थित चालतोय. स्टॅटिक राउट (हाताने लिहिलेले रस्ते) दोन्ही बाजूंना आहेत, तपासलेत. २० तारखेच्या आत जीएसटीचं ३बी भरायचं आहे, साहेब सारखे विचारतायत. कुठे बघू?

डोंबिवली_फास्ट
स्विच कुठला, राउटर कुठला, सबनेट (पत्त्यांचा गट) काय, मध्ये फायरवॉल आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही. अंदाजाने काय सांगणार?

अंधेरी_आयटी
अंधेरीत एल-थ्री स्विच (राउटिंगही करणारा), दोन्हीकडे सिस्कोचे राउटर. लीज लाइनवर फायरवॉल नाही, इंटरनेटचा वेगळा आहे. व्हीलॅन १०, २०, ३० चालतायत म्हणजे लाइनचा प्रश्नच नाही.

केबलमास्तर
नवीन व्हीलॅन म्हटलं की आधी ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र वाहून नेणारी जोडणी) बघा. 'शो इंटरफेसेस ट्रंक' मारा आणि अलाउड यादीत ४० आहे का ते पाहा. नसेल तर घालताना 'ॲड' शब्द विसरू नका. तो राहिला तर जुनी सगळी यादी पुसली जाते आणि फक्त ४० उरतो. एका क्लायंटकडे माझ्यासमोर अख्खा मजला बंद पडला होता.

डोंबिवली_फास्ट
मास्तर, ४० मधून इंटरनेट चालतंय असं त्यांनी लिहिलंय. ट्रंक अडला असता तर पीसीला गेटवेच मिळाला नसता.

केबलमास्तर
तरी बघायला काय हरकत आहे? दहापैकी आठ वेळा ट्रंकच निघतो.

पिंगपाटील
सर्व्हर विंडोजचा असेल तर त्याचा फायरवॉल तपासा. दुसऱ्या सबनेटमधून आलेला पिंग (पोचतंय का ते बघणारं चाचणीचं पॅकेट) तो बऱ्याचदा टाकून देतो. पाच मिनिटं बंद करून बघा.

अंधेरी_आयटी
फायरवॉल बंद करून झालं, फरक नाही. आणि १० आणि २० सुद्धा सर्व्हरच्या दृष्टीने दुसरेच सबनेट आहेत ना? त्यांना कसा देतो मग? कृपया राउटिंगचं सांगा कुणीतरी.

राउटरराव
राउटिंगचंच सांगतो. स्टॅटिक काढा, ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते आपोआप कळवतात तो प्रोटोकॉल) लावा. नवीन व्हीलॅन नेटवर्क स्टेटमेंटमध्ये आला की भिवंडीला आपोआप कळतो. किती दिवस हाताने राउट मारत बसणार? आमच्याकडे सात ब्रँच आहेत, एकही स्टॅटिक नाही.

ठाणेकरीण
राउटरराव, सात ब्रँचला ओएसपीएफ बरोबरच आहे. इथे दोन टोकं आणि मध्ये एक लाइन आहे. आज यांचं काम अडलंय, आज प्रोटोकॉल बदलायला सांगू नका.

अंधेरी_आयटी, दोन गोष्टी करून इथे टाका. एक, व्हीलॅन ४० मधल्या पीसीवरून सर्व्हरला ट्रेसराउट (पॅकेट कुठल्या टप्प्यांतून, म्हणजे हॉपमधून, जातं ते दिसतं). दोन, एल-थ्री स्विचवरून दोनदा पिंग: एकदा साधा, एकदा 'सोर्स व्हीलॅन ४०' लावून.

अंधेरी_आयटी
ट्रेसराउट: पहिला हॉप १०.१०.४०.१, दुसरा १०.१०.१.२, तिसऱ्यापासून नुसत्या चांदण्या. स्विचवरून साधा पिंग जातो, सोर्स ४० लावला की पाचही टाइमआउट. म्हणूनच म्हणतोय, राउट आहे, साधा पिंग जातोय ना!

ठाणेकरीण
साधा पिंग मारताना स्विच स्वतःचा कुठला पत्ता लावतो ते बघा. पॅकेट ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतं त्याचा, म्हणजे तुमच्याकडे बहुधा १०.१०.१.१. भिवंडीला तो पत्ता माहीत आहे म्हणून उत्तर परत येतं. सोर्स ४० लावल्यावर पॅकेट १०.१०.४०.१ या नावाने जातं आणि उत्तर येत नाही. सर्व्हर तोच, लाइन तीच, बदललाय फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता.

आता ट्रेसराउट. दुसरा हॉप म्हणजे अंधेरीचा राउटर. त्याचं उत्तर ४० मधल्या पीसीपर्यंत पोचतंय, म्हणजे त्याला ४० कुठे आहे हे ठाऊक आहे. तिसरा हॉप भिवंडीचा राउटर, तिथून पुढे शांतता. मला तरी जाताना काही अडत असेल असं वाटत नाही, परतीचा रस्ता भिवंडीत तुटलाय. भिवंडीच्या राउटरचं 'शो आयपी राउट' टाका, मास्कसकट (मास्क म्हणजे राउट किती पत्त्यांना लागू ते सांगणारा आकडा). 'राउट आहे' एवढं पुरत नाही.

वसई_विरार
विषयांतराबद्दल माफ करा, पण भिवंडीची लाइन पावसात टिकते का? ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या पाचव्या मार्गाचं खोदकाम झालं तेव्हा आमची फायबर सारखी तुटायची. शेवटी छतावर रेडिओ लिंक लावली.

अंधेरी_आयटी
लाइन उत्तम आहे. प्रत्यक्ष जायला मात्र अर्धा दिवस मोडतो. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर, गाड्या मोजक्या. नाहीतर ठाण्याला उतरून बस, आणि ट्रॅफिक नशिबावर. म्हणून जे करायचं ते इथूनच करायचं आहे.

ताई, भिवंडीचा राउट: १०.१०.०.०, मास्क २५५.२५५.२२४.०, नेक्स्ट हॉप (पुढचा टप्पा) लीज लाइनचं अंधेरीचं टोक. शिवाय डिफॉल्ट राउट (बाकी सगळ्यासाठीचा) तिथल्या ब्रॉडबँडकडे. यात १०.१० ने सुरू होणारं सगळं आलंच ना?

ठाणेकरीण
नाही आलं. सापडलं बघा.

२२४ चा मास्क म्हणजे /१९ (पत्त्याचे पहिले १९ बिट ठरलेले). तिसऱ्या आकड्यात ३२-३२ चे गट पडतात: ० ते ३१, ३२ ते ६३, असे पुढे. तुमचा राउट १०.१०.०.० पासून १०.१०.३१.२५५ पर्यंत संपतो. तुमच्याकडे व्हीलॅनचा क्रमांक हाच पत्त्यातला तिसरा आकडा, म्हणून १०, २०, ३० त्यात बसतात, अंधेरीच्या स्विच आणि राउटरमधला १०.१०.१ सुद्धा बसतो. ४० बाहेर राहतो. त्यामुळे सर्व्हरने ४० साठी दिलेलं उत्तर भिवंडीचा राउटर डिफॉल्ट राउटने ब्रॉडबँडकडे ढकलतो आणि ते तिथेच मरतं. 'डेस्टिनेशन अनरीचेबल' न येता नुसता टाइमआउट का येतो, त्याचं कारणही हेच.

अंधेरी_आयटी
हा राउट आधीच्या व्हेंडरने टाकलेला, तेव्हा तीनच व्हीलॅन होते. मग /१६ करून टाकू?

राउटरराव
हेच म्हणत होतो. ओएसपीएफ असतं तर मास्कचं गणित करावं लागलंच नसतं.

डोंबिवली_फास्ट
/१६ करा, कायमची कटकट गेली.

ठाणेकरीण
/१६ मी करणार नाही. उद्या तिसरं ऑफिस निघालं आणि कुणी त्याला १०.१०.२०० दिलं, तर भिवंडी ते अंधेरीकडे पाठवत बसेल. जास्त नेमका, म्हणजे / नंतर मोठा आकडा असलेला, राउट टाकला की तो जिंकतो हे खरं, पण तो टाकायचं लक्षात ठेवावं लागतं. /१८ करा, म्हणजे मास्क २५५.२५५.१९२.०, ० ते ६३. व्हीलॅन ५० आणि ६० सुद्धा बसतील.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे क्रम. तुम्ही अंधेरीतून त्या राउटरवर लॉगिन करणार, आणि तुमचं स्वतःचं सेशन ज्या राउटवरून परत येतंय तोच तुम्ही बदलणार. जुना आधी काढलात तर पुढची कमांड टाइप करायच्या आधी सेशन तुटेल आणि भिवंडीला जावं लागेल. म्हणून:

आधी 'शो रन' (चालू कॉन्फिग) ची प्रत काढून ठेवा. मग 'रीलोड इन १०' द्या. सेव्ह करू का विचारलं तर, आधीचं काही सेव्ह न केलेलं नसेल तर, नको म्हणा. पुढे काही बिघडलं तरी दहा मिनिटांनी राउटर रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर उठेल. फक्त तेव्हा गोदामात बिलिंग चालू नसावं. मग नवा /१८ टाका. मास्क वेगळा असल्यामुळे जुना आपोआप जात नाही, दोन्ही राहतात, घाबरू नका. ४० मधून पिंग बघा. चालला तर 'नो आयपी राउट' ने जुना /१९ काढा, १० मधून पुन्हा पिंग बघा. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल' आणि शेवटी 'राइट' (सेव्ह). 'रीलोड कॅन्सल' विसरलात तर सगळं चालू असताना राउटर रीस्टार्ट होईल.

पिंगपाटील
जुना काढायची गरजच काय? पडून राहू दे.

ठाणेकरीण
चालेल ते. पण पुढच्या वर्षी लाइन बदलली की नेक्स्ट हॉप बदलतो, आणि कुणीतरी एकच राउट बदलतं. मग १० ते ३० बंद आणि ४० चालू, असा उलटा धागा निघतो.

ज्ञानेश_सीसीएनए
सबनेटिंग पक्कं करायचं असेल तर ठाण्यात स्टेशनजवळ चांगले क्लास आहेत, वीकेंड बॅच. आणि व्हीलॅन १ वर युजर ठेवू नका, सुरक्षेसाठी वाईट.

अंधेरी_आयटी
व्हीलॅन १ रिकामाच आहे.

सगळ्यांसाठी: जेवणाच्या सुट्टीत गोदामात फोन करून सांगितलं आणि ताईंनी लिहिलं त्याच क्रमाने केलं. /१८ टाकल्याबरोबर ४० मधून पिंग सुरू झाला. जुना काढला, १०, २०, ३० तपासले, सगळे चालू. रीलोड कॅन्सल केलं, राइट केलं. अकाउंट्सवाले सर्व्हरवर काम करतायत. ताई, मनापासून आभार, आज भिवंडीची खेप वाचली.

ठाणेकरीण
छान झालं. अंधेरीच्या राउटरवरही कुठे /१९ उरलाय का बघून ठेवा. तिथे व्हीलॅननिहाय राउट असावेत असं ट्रेसराउटवरून वाटतं, पण बघा.

वसई_विरार
माझ्याकडेही जवळपास असंच आहे. महापे आणि वसई, मध्ये व्हीपीएन. एका व्हीलॅनमधून पिंग जातो पण मोठी फाइल उघडली की अडकते. याच मास्कचा प्रकार असेल का?

ठाणेकरीण
पिंग जात असेल तर रस्ता दोन्ही बाजूंनी आहे, ते वेगळं प्रकरण. बहुधा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार). वेगळा धागा काढा आणि व्हीपीएन कुठल्या प्रकारचा आहे ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.