बिल्डरने पिक्चर काढावा का?

बडोदेकर मंडळी, आमचा भाचा गोत्री साइडला फ्लॅटच्या स्कीम करतो, आता म्हणतो गुजराती पिक्चर प्रोड्यूस करायचाय, सारखं बिल्डर-निर्माते आनंद पंडितांचं उदाहरण देतो. ताईला झोप नाही, बुकिंगचे पैसे तिकडे वळवले तर?

रावपुरा_काका: कायद्याने चालत नाही ते. रेरा म्हणजे बिल्डरांवरचा कायदा 2016 चा, त्यात ग्राहकांकडून आलेले 70 टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि इंजिनीअर, आर्किटेक्ट, सीए तिघांनी सही केली की मगच निघतात, तेही काम जितकं झालं तितकेच. ताईंना नीट समजावून सांगा.

दांडियाबाजार: पंडित अहमदाबादचे, पण मुंबईत आधी बांधकामात जम बसवला मग पिक्चर. 2022 ला गुजराती 'फक्त महिलाओ माटे' काढला तोवर हिंदीत बरेच झाले होते. भाच्याच्या किती स्कीमला बीयू परमिशन (इमारत वापरायची परवानगी) मिळालीय?

प्रश्नकर्ती: एकीला. दुसरीचा तिसरा स्लॅब भरतायत.

दांडियाबाजार: मग थांबू दे त्याला. फ्लॅट अडकला तरी वर्षभराने विकला जातो, पिक्चर शुक्रवारी पडला की सोमवारी शो उतरवतात. फारच हौस असेल तर स्वतःच्या नफ्यातून छोटा हिस्सा घेऊन को-प्रोड्यूसर व्हावं.