शब्दचर्चा: ‘अंडरग्राउंड’ चित्रकथाकाराला मराठीत काय म्हणावे?

शंका (बडोदे): आमच्या वाचकमंडळाने रॉबर्ट क्रम्ब या अमेरिकी चित्रकथाकाराच्या कारकिर्दीवर मराठीतून व्याख्यान ठेवले आहे. निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात ‘भूमिगत व्यंगचित्रकार’ असे होते. ते वाचून दांडिया बाजारातील एका ज्येष्ठ सभासदांनी, हे गृहस्थ बेचाळीसच्या चळवळीत कोठे होते, अशी चौकशी केली. कृपया दुसरा शब्द सुचवावा.

प्रतिसाद १: त्यांची चौकशी रास्तच आहे. मराठीत माणूस भूमिगत होतो तो पोलिसांना चुकवण्यासाठी. क्रम्ब यांनी मात्र १९६८ मध्ये ‘झॅप कॉमिक्स’चा पहिला अंक पत्नीसह सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट रस्त्यावर, बाबागाडीत ठेवून, उघडपणे विकला. ‘अंडरग्राउंड’ होती ती वितरणाची वाट: १९५४ मध्ये अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतल्यानंतर तिचा शिक्का नसलेली चित्रकथा नेहमीचे वितरक सहसा घेत नसत, त्यामुळे असे अंक हिप्पी वस्तीतील दुकानांतून खपत. ‘व्यंगचित्रकार’ही येथे अपुरा आहे, कारण त्याने वाचकाच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्रातील एका चौकटीचे चित्र येते, सलग गोष्ट रचून ती चितारणाऱ्याला ‘चित्रकथाकार’च म्हणावे. (गुजरातीतील ‘ठठ्ठाचित्र’ मला फार आवडते, पण तेही येथे चालणार नाही.)

प्रतिसाद २: मग ‘बंडखोर चित्रकथाकार’ का नको? न्यूयॉर्कमध्ये ‘झॅप’चा चौथा अंक विकणारे १९७० मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात दोषी ठरले होते, म्हणजे धोका खराच होता.

प्रतिसाद १: तो धोका विक्रेत्यांच्या वाट्याला आला, हे आपणच नोंदवले आहे. शिवाय मराठीत ‘बंडखोर’ हे निम्मे प्रशस्तिपत्र असते. क्रम्ब यांच्या चित्रांतील स्त्रियांच्या चित्रणावर कठोर टीका करणाऱ्या ट्रिना रॉबिन्स याच चळवळीतल्या होत्या आणि १९७० मध्ये केवळ स्त्रियांनी काढलेला चित्रकथांचा अंक त्यांच्याच पुढाकाराने निघाला. बंड कोणाचे आणि कोणाविरुद्ध, हे विशेषणात ठरवून टाकणे मला घाईचे वाटते.

प्रतिसाद ३: मराठीत या जातीच्या प्रकाशनासाठी साठच्या दशकापासून शब्द आहे: अनियतकालिक. अशोक शहाणे यांचे ‘असो’ त्याच काळातले. बडोद्यात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर यांनी १९६९ पासून काही वर्षे चालवलेले ‘वृश्चिक’ही प्रस्थापित चौकटीबाहेरचेच. ‘झॅप’ला तर हा शब्द अक्षरशः लागू पडतो, कारण १९६८ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचा सोळावा अंक २०१४ मध्ये निघाला.

शंकाकार: ‘अनियतकालिक चित्रकथाकार’ म्हटले तर चित्रकारच अनियमित वाटतो.

प्रतिसाद ३: म्हणून विशेषण माणसाला न लावता चळवळीला लावावे: ‘अमेरिकेतील अनियतकालिक चित्रकथांच्या चळवळीचे एक प्रवर्तक’. क्रम्ब यांनी आरंभी क्लीव्हलँडमध्ये शुभेच्छापत्रांच्या कंपनीत नोकरी केली, १९९१ मध्ये ते फ्रान्सला स्थायिक झाले आणि २००९ मध्ये बायबलमधील उत्पत्तीच्या ग्रंथाची त्यांची चित्रकथा मोठ्या व्यावसायिक प्रकाशनाने काढली. एवढ्या आयुष्यावर एकच ‘अंडरग्राउंड’ शिक्का मारता येत नाही. व्याख्यानात मूळ इंग्रजी शब्द एकदा उच्चारून, तो वितरणाविषयी आहे, इतके सांगितले तरी पुरे.