शास्त्रीय सॉफ्टवेअरचं विकी गूगलवर सापडत नाही, काय करावं?

पाणकावळा
नमस्कार मंडळी. रेणूंचं सिम्युलेशन करणाऱ्या एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं विकी आम्ही काही जण सांभाळतो. मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतं तेच सॉफ्टवेअर) आहे. मजकूर भरपूर आहे आणि वापरणाऱ्यांच्या मते चांगलाही आहे. पण तिथवर कोणी पोचेल तर शपथ! रोज ईमेलवर तेच ते प्रश्न येतात आणि उत्तर विकीवर कधीचंच लिहून ठेवलेलं असतं. त्यात सॉफ्टवेअरचं नाव एका पक्ष्याचं, त्यामुळे नुसतं नाव टाकलं की पंख आणि घरटी दिसतात. गटातल्या वरिष्ठांचं म्हणणं, एखादं एसईओचं (शोधयंत्रांत वर येण्याच्या खटपटीचं) एक्स्टेन्शन बसवा आणि प्रत्येक पानाला कीवर्ड भरा. मला ते पटत नाहीये. पैसे नाहीत, माणसंही कमी. सुरुवात कुठून करावी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिसरा_डोळा
कीवर्डच्या मेटा टॅगचा (पानाच्या कोडमध्ये लपलेल्या कीवर्डच्या यादीचा) नाद सोडा. क्रमवारी लावताना तो आम्ही बघतच नाही, असं गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय. वरिष्ठांना हे वर्ष सांगा, वाद मिटेल.

आधी दार उघडं आहे का ते बघा. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली पानं गूगलला कशी दिसतात ते दाखवणाऱ्या गूगलच्याच साधनात, साइट नोंदवा (फुकट आहे) आणि दोन-चार महत्त्वाच्या पानांचे पत्ते तिथे तपासा. चाचणीसाठी उभारलेलं विकी पुढे तसंच खरं म्हणून वापरात येतं आणि सगळ्या पानांवरचं नोइंडेक्स (शोधयंत्राच्या यादीत घेऊ नका ही खूण) काढायचं राहून जातं, हा प्रकार फार दिसतो.

नोइंडेक्स आणि रोबोट्स डॉट टीएक्सटी यांची गल्लत करू नका. रोबोट्सची फाइल बॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या शोधयंत्राच्या प्रोग्रामला) पान वाचू नको म्हणते, नोइंडेक्स म्हणतं वाच पण यादीत घेऊ नकोस. एकाच पानावर दोन्ही लावलं, तर बॉटला आत शिरताच येत नाही, मग नोइंडेक्स दिसणार कुठून? बाहेरून कोणी दुवा दिलेला असेल तर त्या पानाचा नुसता पत्ता निकालात येऊन बसतो.

मीडियाविकीत पानं एका फोल्डरखाली आणि संपादन, इतिहास, फरक वगैरे स्क्रिप्टचे पत्ते दुसऱ्याखाली ठेवता येतात. विकिपीडियावर 'विकी' आणि नुसता 'डब्ल्यू' असे दोन रस्ते दिसतात ते हेच. दुसरा रस्ता रोबोट्समध्ये बंद करा, म्हणजे बॉट जुन्या फरकांच्या जंगलात भटकणार नाही. फक्त लोड डॉट पीएचपीला परवानगी ठेवा, कारण पानाची सजावट आणि जावास्क्रिप्ट तिथूनच येते. विकिपीडियाही तसंच करतं.

पाणकावळा
धन्यवाद! तपासलं. नोइंडेक्स कुठेच नाही. पण गूगलच्या यादीत सदस्यांची चर्चापानं आणि जुन्या आवृत्तीच्या सूचनाच जास्त आहेत. कामाची पानं आहेत, पण कोणी शोधलं तरी वर येत नाहीत.

शाईचा_डाग
मग खरं काम तांत्रिक नाहीच, लिहिण्याचं आहे. तुमच्या पानांची शीर्षकं काय आहेत? पैजेवर सांगतो, 'इन्स्टॉलेशन', 'शंका-समाधान' आणि 'ट्रबलशूटिंग' असणार. अशी पानं जगातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची आहेत, तुमचंच का वर यावं?

अडलेला माणूस सॉफ्टवेअरचं नाव शोधत नाही. तो टर्मिनलवरची लाल ओळ उचलून जशीच्या तशी शोधपट्टीत चिकटवतो. ग्रोमॅक्स या रेणू-सिम्युलेशनच्याच सॉफ्टवेअरचे दस्तऐवज बघा. नेहमीच्या चुकांचं तिथे वेगळं पान आहे आणि त्यातली उपशीर्षकं म्हणजे थेट प्रोग्रामने छापलेली वाक्यं. अमुक रेसिड्यू टोपोलॉजीच्या डेटाबेसात सापडला नाही, हे शीर्षक. खाली कारण, मग उपाय. तुम्हीही हेच करा. सोर्स कोडमध्ये एरर छापणाऱ्या ओळी शोधल्या की यादी आयतीच मिळते. मात्र संदेशातला न बदलणारा भागच शीर्षकात घ्या. फाइलचं नाव, अणूचा क्रमांक, ओळ क्रमांक हे दर वेळी वेगळे, ते ठेवलेत तर जुळणार कुणाशीच नाही. एका संदेशामागे दोन-तीन कारणं असतील तर सगळी एकाच पानावर द्या, तीन पानं करू नका. आणि कृपा करून टर्मिनलचा स्क्रीनशॉट टाकू नका! चित्रातली अक्षरं शोधात सापडतील या भरवशावर राहू नये, आणि वाचणाऱ्याला ती कॉपीही करता येत नाहीत.

दुसरी गोष्ट, लिहिणारा उपायाच्या नावाने लिहितो आणि शोधणारा लक्षणाच्या नावाने शोधतो. सिम्युलेशन पाहताना रेणू तुटून पेटीच्या दोन टोकांना गेलेला दिसला की नवखा विद्यार्थी 'रेणू तुटला' असंच शोधणार. तुमच्याकडे उत्तर असणार 'पिरियॉडिक बाउंडरी कंडिशन्स' (पेटीच्या एका कडेने बाहेर पडलेलं समोरच्या कडेने आत येतं, हा नियम) या पानावर. तो शब्द माहीत असता तर त्याला प्रश्नच पडला नसता. म्हणून पहिल्या परिच्छेदात लक्षण साध्या भाषेत लिहा, शास्त्रीय नाव त्यानंतर. रोज येणाऱ्या त्या ईमेलांचे विषय एका फाइलीत गोळा करा, लोकांचे शब्द तुम्हाला तिथेच मिळतील. कुठल्याही एसईओ साधनापेक्षा ती फाइल मोलाची.

उंबरठा
शाईचा_डाग यांना +१. वाखू (वाचनखूण) साठवली.

नावाबद्दल थोडं. तुम्ही एकटे नाही. 'आर' भाषेचं नाव तर एकच अक्षर, तिच्यासाठी आरसीक नावाचं वेगळं शोधयंत्र निघालं. 'गो'वाले गोलँग लिहू लागले. तुम्हीही नावाला विषयाची जोड द्या, अमुक सॉफ्टवेअर किंवा अमुक मॉलेक्युलर डायनॅमिक्स, आणि सगळीकडे तीच जोड वापरा.

मीडियाविकीत प्रत्येक पानाच्या शीर्षकाला साइटचं नाव आपोआप जोडलं जातं. पण म्हणून साइटनेम (सेटिंगमधलं साइटचं नाव) बदलायला जाऊ नका. प्रकल्पाच्या नामविश्वाचं (पानांच्या एका गटाचं) नाव वेगळं ठरवून दिलेलं नसेल तर तेही साइटनेमवरूनच येतं, म्हणजे तेही बदलेल आणि जुने दुवे तुटतील. त्यापेक्षा मीडियाविकी नामविश्वातला 'पेजटायटल' हा संदेश संपादित करा. कॉन्फिगला (सर्व्हरवरच्या सेटिंगच्या फाइलीला) हात न लावता सगळ्या पानांना विषयाची जोड मिळते. फक्त प्रशासकाचे हक्क लागतील.

रिकामी_ओंजळ
एवढा खटाटोप कशाला, सरळ गिटहबच्या (कोड ठेवायच्या साइटच्या) विकीवर हलवा की. गिटहबला गूगल मानतं.

तिसरा_डोळा
थांबा! गिटहबच्याच दस्तऐवजांत नियम दिलाय: रिपॉझिटरीला (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याला) किमान ५०० स्टार (लोकांनी नोंदवलेली पसंती) हवेत आणि विकीचं संपादन सर्वांना खुलं नसावं, तरच शोधयंत्रं ते विकी यादीत घेतात. शास्त्रीय सॉफ्टवेअरला ५०० स्टार म्हणजे चैनच. गिटहब पेजेसवर (गिटहबवरून चालणाऱ्या साध्या संकेतस्थळांवर) ही अट नाही, पण मग ते विकी राहत नाही, वापरणाऱ्याने येता-जाता चूक दुरुस्त करायची सोय जाते.

पाणकावळा
स्टार तेवढे नक्कीच नाहीत, हलवणं रद्द. साइटमॅपचं (शोधयंत्राला द्यायच्या पानांच्या यादीचं) काय? आणि ते स्कीमा (पानात काय आहे ते शोधयंत्राला सांगणाऱ्या खुणा) वगैरे?

उंबरठा
साइटमॅप करा. मीडियाविकीसोबत त्याची स्क्रिप्ट येते, ती क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीला) लावून विसरून जा. त्यातल्या प्रायॉरिटीच्या आकड्यांवर डोकं घालवू नका, गूगल ते बघत नाही. शेवटच्या बदलाची तारीख मात्र खरी असू द्या. स्कीमाने निकालात फार फरक पडेल असं मला वाटत नाही, सवड मिळाली तर बघा.

त्याआधी विशेष पानांतली 'पोरकी पानं' उघडा. ज्या पानाला विकीतल्या दुसऱ्या कुठल्याच पानावरून दुवा नाही, त्याची किंमत बॉटने तरी का करावी? बाहेरचे दुवेही तुमच्याच हातात आहेत. पायपीआय किंवा कोंडा-फोर्ज या सॉफ्टवेअरच्या साठ्यांवरच्या पॅकेजच्या माहितीत दस्तऐवजांचा पत्ता भरा, झेनोडो या संशोधनाच्या साठ्यावर आवृत्ती ठेवून डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) घेत असाल तर त्या वर्णनातही टाका. सगळ्यात भारी जागा म्हणजे प्रोग्राम स्वतः. एरर छापताना खाली त्या पानाचा पत्ताही छापला, तर शोधायची वेळच येत नाही.

शाईचा_डाग
जुन्या आवृत्तीच्या पानांचं राहिलं. ती उडवू नका. जुन्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) जुनीच आवृत्ती चालते आणि तिथल्यांना तीच सूचना लागते. सूचना दोन्ही आवृत्त्यांत सारखीच असेल तर जुन्या पानाचं पुनर्निर्देशन नव्याकडे करा. मीडियाविकी मग नव्या पानाचा पत्ताच कॅनॉनिकल (मुख्य) म्हणून सांगतं. वेगळी असेल तर शीर्षकात आवृत्ती लिहा, पहिल्याच ओळीत नव्या पानाचा दुवा द्या आणि त्या पानाला कॉन्फिगमधून नोइंडेक्स लावा (पानावर टाकायचा नोइंडेक्सचा जादुई शब्द मजकुराच्या मुख्य नामविश्वात मूळ सेटिंगमध्ये चालत नाही). चर्चापानांसाठी तर एकेक पान उघडायचीही गरज नाही, अख्ख्या नामविश्वाला नोइंडेक्स लावायची सोय कॉन्फिगमध्ये आहे.

तिसरा_डोळा
आणि सर्व्हरवर एआयच्या बॉटांची धाड पडली म्हणून कोणी सरसकट अडथळा बसवला असेल, तर त्यात गूगलबॉट आणि बिंगबॉट अडकत नाहीत ना, ते लॉगमध्ये बघा. नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका, कोणीही स्वतःला गूगलबॉट म्हणवतो. आयपीवरून (संगणकाच्या आकडी पत्त्यावरून) उलट डीएनएसने त्याचं नाव काढा, आलेलं नाव गूगलचं आहे का बघा, आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळतो का ते ताडा.